डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट बोर्ड: थर्माकोलच्या पेटीत बँटम आणि गावठी अंडी उबवण्यासाठी कितपत भरवशाचा?

घरी पेटी बनवून पंधरा-वीस अंडी उबवायची असतील तर हा बोर्ड जरूर घ्या. दीड-दोनशे रुपयांत याहून चांगलं तापमान नियंत्रण मिळत नाही. मात्र पाकिटातून काढून तसाच जोडला तर अंडी वाया जातील, कारण कारखान्यातून येणारी त्याची सेटिंग्ज उबवणीसाठी केलेली नसतात. आणि कितीही नीट बसवला तरी पेटीची राखण एकट्या या बोर्डावर सोडू नये. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बँटम (ठेंगण्या जातीच्या कोंबड्या), सिल्की, गावठी यांच्या लहान अंड्यांसाठी तो उत्तम काम देतो.

बोर्ड सुमारे ५ सेंमी बाय ४ सेंमी आहे. त्यावर तीन आकडी डिस्प्ले, तीन बटणं, एक रिले (पेटी तापवणारा बल्ब चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि वायरच्या टोकाला धातूच्या टोपीतला सेन्सर. त्याला १२ व्होल्ट डीसी लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत आणि ऑनलाइन सगळीकडे मिळतो. उघडा बोर्ड स्वस्त पडतो, पण त्याच्या खालच्या बाजूला रिलेचे टाके उघडे असतात आणि त्यांतून २३० व्होल्ट जातात. म्हणून प्लॅस्टिकची केस असलेला घ्या, किंवा वायरिंगच्या दुकानातल्या जंक्शन बॉक्समध्ये बसवा. बोर्ड पेटीच्या बाहेर राहील आणि फक्त सेन्सर आत जाईल. घेताना १२ व्होल्टचाच आहे ना, हे रिलेवर वाचून घ्या.

लहान अंड्यांचा वेगळा विचार का करायचा? फार्मचं अंडं ५५-६० ग्रॅमचं असतं, गावठीचं बहुधा ३५-४५ ग्रॅमचं आणि बँटमचं ३० ग्रॅमच्या आसपास. अंडं जितकं लहान तितकं ते आजूबाजूच्या हवेबरोबर लवकर तापतं आणि लवकर निवतं. वजनाच्या मानाने त्याचं कवच जास्त उघडं असतं, त्यामुळे त्यातलं पाणीही लवकर उडतं. मोठं अंडं ज्या चढउताराला दाद देत नाही, तो लहान अंड्यातल्या जिवाला सोसावा लागतो. म्हणून सेटिंग करताना इथे काटेकोरपणा लागतो.

आता सेटिंग. सेट बटण एकदा दाबलं की लक्ष्य तापमान लुकलुकतं. पंख्याच्या पेटीसाठी ते ३७.६ ठेवा. सेट बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की पी-० दिसतं आणि आतली यादी उघडते. पी-० मध्ये ‘सी’ म्हणजे थंड करणं आणि ‘एच’ म्हणजे गरम करणं. बोर्ड बहुतेक वेळा ‘सी’वर येतो. तसाच ठेवला तर पेटी गार असताना बल्ब बंद राहतो आणि तापल्यावर पेटतो. ‘बोर्ड खराब निघाला’ म्हणून परत पाठवले जाणारे कितीतरी बोर्ड एवढ्या एका अक्षरापायी जातात.

पी-१ सगळ्यात महत्त्वाचं. तापमान किती उतरल्यावर बल्ब पुन्हा लावायचा, ते इथे ठरतं. मूळ आकडा २.० असतो. म्हणजे ३७.६ ला बंद झालेला बल्ब ३५.६ झाल्याशिवाय पेटत नाही. फ्रिज किंवा पाण्याच्या टाकीला ते चालेल, ३० ग्रॅमच्या अंड्याला नाही. पी-१ हा ०.२ किंवा ०.३ करा. ०.१ करायचा मोह होतो, पण त्याने रिले विनाकारण झिजतो. बल्ब दर मिनिटाला एकदा लागला-विझला तर दिवसाला १,४४० आणि २१ दिवसांत ३० हजारांवर वेळा रिले मारतो. अशा छोट्या रिलेचं आयुष्य साधारण एक लाख वेळा धरलेलं असतं, म्हणजे तीन खेपांत तो थकतो. ०.३ वर हेच काम दोन-तीन मिनिटांनी एकदा होतं.

पी-२ आणि पी-३ या लक्ष्य तापमानाच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा आहेत. बहुतेक लोक त्यांना हात लावत नाहीत. ३८.२ आणि ३६.८ करून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणी बटणं दाबली तरी पेटी ४५ वर जाणार नाही. पी-५ हा मिनिटांचा उशीर आहे, तो शून्यच राहू द्या. पी-६ वर पुढे येतो.

पी-४ ही दुरुस्ती आहे आणि ती केल्याशिवाय अंडी ठेवू नयेत. या बोर्डाचा सेन्सर अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे दाखवणं अगदी नेहमीचं आहे. उबवणीत अर्धा अंश म्हणजे फार. तपासायला घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो, कारण तो नेमका ३२ ते ४२ अंशांच्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो. तांब्याभर पाणी ३८ अंशांच्या आसपास आणा. सेन्सरची टोपी आणि थर्मामीटरचं टोक रबरबँडने एकत्र बांधून पाण्यात धरा, पाणी सतत ढवळत राहा. थर्मामीटर वाजला की त्याच क्षणी दोन्ही आकडे वाचा. बोर्ड ३८.४ आणि थर्मामीटर ३७.९ दाखवत असेल तर पी-४ मध्ये उणे ०.५ घाला. बर्फाच्या पाण्यात शून्यावर तपासून फारसा उपयोग नाही. शून्यावर बरोबर असलेला सेन्सर ३८ वर चुकू शकतो.

सेन्सर कुठे टांगायचा यावर निम्मं यश अवलंबून आहे. त्याचं टोक अंड्यांच्या अगदी शेजारी, अंड्याच्या मध्याच्या उंचीवर हवं. बल्ब त्याला थेट दिसता कामा नये आणि पंख्याचा झोत थेट लागता कामा नये. पंखा नसलेल्या पेटीत तर उंचीला फार किंमत आहे. वरची हवा गरम, खालची गार, म्हणून तिथे अंड्याच्या वरच्या कडेला ३८.६ ते ३८.९ ठेवतात. बँटमच्या अंड्याची वरची कड मोठ्या अंड्यापेक्षा जवळपास एक सेंमी खाली असते. मोठ्या अंड्यांसाठी टांगलेला सेन्सर तिथेच ठेवून लहान अंडी मांडली तर डिस्प्लेवर आकडा बरोबर दिसेल आणि अंडी गार राहतील. दोन्ही आकारांची अंडी एका खेपेत घालू नका. आणि खरं तर लहान अंड्यांसाठी बिनपंख्याची पेटी करूच नका. कॉम्प्युटरचा ८ सेंमीचा १२ व्होल्टचा पंखा त्याच अडॅप्टरवर चालतो. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घेतला की बोर्ड आणि पंखा दोन्ही निभतात. पंख्याची वायर रिलेतून नेऊ नका, सरळ अडॅप्टरला जोडा. पंखा चोवीस तास फिरला पाहिजे. बल्बबरोबर तो बंद झाला की पेटीत लगेच थर पडतात आणि सेन्सर कुठल्या थरात आहे ते कळत नाही.

आता बोर्डाच्या कमकुवत बाजूबद्दल. तीन प्रकारे तो अंडी भाजू शकतो.

पहिला प्रकार म्हणजे रिले चिकटणं. आतले संपर्क एकमेकांना चिकटले की बोर्ड ‘बंद’ म्हणतो आणि बल्ब जळतच राहतो. इथे पी-६ कामी येत नाही. पी-६ ची मर्यादा ओलांडली की डिस्प्लेवर तीन आडव्या रेघा येतात आणि बोर्ड रिले सोडायला सांगतो. पण सांगतो त्याच चिकटलेल्या रिलेला. बोर्डावर भोंगाही नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही समजत नाही. दुसरा प्रकार सेन्सर जागेवरून सुटण्याचा. झाकण काढताना वायर ओढली जाते, टोक पेटीबाहेर येतं, बोर्डाला खोलीचे २८ अंश दिसतात आणि तो बल्ब विझवतच नाही. तिसरा प्रकार लक्षात यायला वेळ लागतो. सेन्सरची टोपी पाण्याच्या भांड्याजवळ असेल किंवा तिच्यावर थेंब जमत असतील तर ते पाणी उडताना टोपी गार होते. बोर्डाला तापमान कमी दिसतं आणि पेटी खऱ्या अर्थाने एखाद-दोन अंश जास्त तापते. डिस्प्ले मात्र ३७.६ च सांगत राहतो.

उपाय एकच: बल्बच्या फेज वायरमध्ये दुसरा पहारेकरी बसवणं. सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे एसटीसी-१००० हा सरळ २३० व्होल्टवर चालणारा नियंत्रक, डब्ल्यू-१२०९ च्या रिलेबरोबर एकापुढे एक जोडलेला. त्यावर एफ-१ (लक्ष्य तापमान) ३८.५ आणि एफ-२ (पी-१ सारखा फरक) ०.५ ठेवा आणि हीटिंगचा रिले वापरा. त्याचा सेन्सर वेगळ्या ठिकाणी बांधा, म्हणजे एकाच ओढीत दोन्ही बाहेर येणार नाहीत. रोजचं काम डब्ल्यू-१२०९ करेल, गडबड झाली तरच एसटीसी मध्ये पडेल. एवढा खर्च नको असेल तर केएसडी-३०१ नावाचं बटणाएवढं थर्मल स्विच मिळतं. ‘नॉर्मली क्लोज्ड’ (एरवी जोडलेलं, तापलं की तुटणारं) प्रकारातलं ४५ अंशांचं घ्या. मात्र त्याचा तुटण्याचा अंश पाचेकने पुढेमागे होऊ शकतो, त्यामुळे ते पेटीला आगीपासून वाचवेल, अंड्यांना वाचवेलच असं नाही. याशिवाय अंड्यांशेजारी एक स्वतंत्र थर्मामीटर हवाच. अंडी ठेवण्याआधी एक चाचणी करा: सेन्सरचा प्लग बोर्डातून काढा. डिस्प्लेवर ‘एलएलएल’ यायला हवं आणि बल्ब विझायला हवा. विझला नाही तर तो बोर्ड वापरू नका.

वायरिंग सोपं आहे. अडॅप्टरचे अधिक-उणे बोर्डाच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडला. बल्बची फेज वायर कापून तिची दोन टोकं के-० आणि के-१ मध्ये. न्यूट्रल सरळ होल्डरला. बल्ब एक नको, दोन लावा आणि समांतर जोडा. एक उडाला तरी दुसरा पेटी धरून ठेवतो. मासळीच्या ६० बाय ४० बाय ३० सेंमीच्या आणि अडीच सेंमी जाडीच्या पेटीला ४० वॉटचे दोन पिवळे बल्ब घाटावरच्या थंडीतही पुरतात. कोकणात २५ वॉटचे दोन चालतील. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही, त्यात पुरेशी उष्णता नसते. खोली २५ अंशांवर असताना बल्ब एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पेटलेला दिसला तर माप बरोबर आहे. काही सेकंद लागून लगेच विझत असेल तर बल्ब मोठा आहे; लक्ष्याच्या पुढे आकडा उसळी घेतो तो यामुळेच. थर्माकोल शंभरच्या आतच मऊ पडायला लागतो आणि बल्बची काच त्याहून जास्त तापते. म्हणून सगळ्या बाजूंनी किमान ८ सेंमी जागा आणि मागे पत्र्याचा तुकडा, ही अट सोडू नका. हवेसाठी खाली दोन आणि वर दोन, बोट जाईल एवढी भोकं.

अंडी न घालता पेटी चोवीस तास चालवून बघा. स्वतंत्र थर्मामीटर चारही कोपऱ्यांत ठेवा. कोपऱ्या-कोपऱ्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर पंख्याचं तोंड वळवा. झोत भिंतीकडे किंवा झाकणाकडे हवा. अंड्यांवर आला तर जवळची अंडी वाळतात.

बोर्ड आर्द्रता मोजत नाही, ही त्याची उघड उणीव. त्यासाठी एचटीसी-१ सारखं घड्याळवालं यंत्र आत ठेवावं लागतं आणि तेही तपासून घ्यावं लागतं. मिठात थोडं पाणी घालून ओलसर गोळा करा, यंत्राबरोबर हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. यंत्र ६९ दाखवत असेल तर नेहमी ६ मिळवून वाचा. पहिले १७-१८ दिवस ५० टक्क्यांच्या जवळपास आणि शेवटी ६५ ते ७० हे नेहमीचे आकडे आहेत. पण लहान अंड्यांत आकड्यापेक्षा वजनावर विश्वास ठेवा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी उतरायला हवं. ३० ग्रॅमची दहा अंडी म्हणजे ३०० ग्रॅम. त्यातले ३६ ग्रॅम अठरा दिवसांत जायला हवेत, सातव्या दिवसापर्यंत १४. सोनाराकडे असतो तसला ०.१ ग्रॅमचा छोटा काटा यासाठी पुरतो. वजन जास्त उतरत असेल तर पसरट भांडं ठेवा. पाणी किती खोल आहे याला अर्थ नाही, त्याचा पृष्ठभाग किती आहे याला आहे. भर घालताना कोमट पाणी घाला.

हंगामाचाही हिशेब आहे. पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तीच हवा पेटीत ३७.६ पर्यंत तापली की सुमारे ४४ टक्के उरते, म्हणून कोकणात जुलैमध्ये छोटी वाटीही पुष्कळ होते. हिवाळ्यातल्या थंड रात्री हीच हवा पेटीत वीस टक्क्यांच्याही खाली जाते. आणि विदर्भात, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत हा बोर्ड हात टेकतो. खोलीच ४० च्या वर गेली तर बल्ब बंद ठेवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही; पेटी थंड करण्याचं साधनच जोडलेलं नसतं. कूलरची खोली नसेल तर तिथे त्या दोन महिन्यांत अंडी घालू नयेत.

वीज गेली तर सेटिंग पुसली जात नाहीत. वीज आल्यावर बोर्ड आपोआप पुन्हा कामाला लागतो, हा त्याचा मोठा गुण. तोवर पेटीवर गोधडी टाका आणि पहिल्या दोन आठवड्यांत खालची भोकं झाकली तरी चालतील. शेवटच्या आठवड्यात भोकं झाकू नका, तेव्हा पिल्लांना हवा जास्त लागते. वीज दोन तासांहून जास्त जाणार असेल तर ४० अंशांच्या पाण्याच्या बाटल्या कडेला ठेवा, अंड्यांना टेकवून नको.

अंडी जमवण्याबद्दल थोडक्यात. लहान जातीची कोंबडी एका फेरीत दहा-बारा अंडी देते, म्हणून ती साठवावी लागतात. सात दिवसांच्या वर ठेवू नका. टोक खाली, जागा १५ ते १८ अंशांची. फ्रिज यासाठी फार थंड आहे. ओलं पोतं गुंडाळलेल्या रिकाम्या माठात बरी राहतात. पेटीत आडवी मांडा, एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल, तेही शिसपेन्सिलीने. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. मोठ्या अंड्यांसाठीचे फिरवणारे ट्रे घेतलेत तर बँटमची अंडी त्यांत डगमगतात. सातव्या आणि चौदाव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा आणि वांझ अंडी काढून टाका.

दिवसांच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना फसवते. २१ दिवस हे मोठ्या कोंबडीचं गणित आहे. बँटमची पिल्लं १९ ते २० दिवसांत फुटणं नैसर्गिक आहे. ती लवकर आली म्हणून बोर्डाचं तापमान कमी केलं तर पुढची खेप बिघडते. तापमान खरंच जास्त होतं का, हे पिल्लांकडे पाहून ठरवा. बेंबी नीट मिटलेली नाही, बलक बाहेर राहिलाय, टरफलात रक्त आहे, अशी बरीच पिल्लं असतील तर जास्त. उशिरा, बावीस-तेविसाव्या दिवशी, ढिली आणि फुगीर पिल्लं आली तर कमी. चोच फुटून तिथेच वाळून मेलेली असतील तर दोष तापमानाचा नसून शेवटच्या दिवसांतल्या कोरड्या हवेचा. म्हणून बँटमची अंडी फिरवणं सतराव्या दिवशीच थांबवा आणि पाण्याची भांडी त्याच दिवशी वाढवा. नंतर झाकण उघडू नका. पहिली चीर दिसल्यापासून पिल्लू बाहेर यायला चोवीस तास लागू शकतात. मदतीची घाई केली तर पिल्लूच जातं.

हाच बोर्ड घ्यावा की दुसरा? एकट्याने वापरायला एसटीसी-१००० मजबूत आहे आणि अडॅप्टरची कटकट नाही, पण त्याचा फरक ०.३ च्या खाली जात नाही. लहान अंड्यांसाठी डब्ल्यू-१२०९ चा ०.२ बरा. एक्सएम-१८ या नियंत्रकात तापमान, आर्द्रता आणि अंडी फिरवण्याचं टायमर एकत्र येतं. पन्नासच्या वर अंडी आणि फिरवणारी मोटर असेल तर तो घ्या. दहा-वीस अंड्यांना त्याची गरज नाही. त्या पैशात दोन डब्ल्यू-१२०९ आणि एक एसटीसी-१००० जवळपास येतात, आणि पी-४ घालून तयार ठेवलेला सुटा बोर्ड ऐन अठराव्या दिवशी मोलाचा ठरतो.

शेवटच्या तीन दिवसांत सेन्सरला बारीक जाळीचा पिंजरा करा. ओली पिल्लं धडपडत वायरीवर चढतात आणि टोक खाली, पाण्याच्या भांड्यात पाडतात. खेप संपली की पंख्यावर चिकटलेली लव काढा, सेन्सरची टोपी पुसून कोरडी करा आणि पुढची अंडी ठेवण्याआधी तांब्याभर पाण्यात पी-४ पुन्हा तपासा. ओल आत शिरलेला सेन्सर एका खेपेत अर्धा अंश सरकलेला सापडू शकतो. तसा सापडला तर दुरुस्ती घालत बसू नका, सेन्सर बदला.